सांगलीच्या हवेत घरी टेबल करताना

घरी पहिल्यांदा फर्निचर करायला घेणारा माणूस करवत कुठली, रंधा कुठला, स्क्रू किती इंची यावर महिनाभर डोकं घालतो आणि हवेचा विचार शेवटपर्यंत करत नाही. सांगलीत हे महागात पडतं. एप्रिल-मे महिन्यात इथली दुपार इतकी कोरडी असते की घरातल्या लाकडातली ओल ७-८ टक्क्यांपर्यंत उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड १४-१५ टक्क्यांवर जातं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. टेबलाचा दोन फूट रुंदीचा सागवानी फळा या दोन टोकांमध्ये ४ ते ८ मिमी कमी-जास्त होतो. फळीच्या टोकाला दिसणाऱ्या वलयांच्या रेषा जाडीत उभ्या असतील तर ४ च्या आसपास, आडव्या असतील तर ८ च्या. हा फळा खालच्या फ्रेमला चारी बाजूंनी स्क्रूने आवळून टाकला तर काय होणार? पावसाळ्यात फुगायला जागा नाही म्हणून मधे कमान येते, किंवा उन्हाळ्यात आकसताना जोडावर चीर जाते. स्क्रू बळकट असेल तर लाकूड फाटतं, लाकूड बळकट असेल तर स्क्रू वाकतो. चूक सुताराच्या हाताची नसते, मांडणीची असते.

म्हणून शिकण्यासाठी पहिला मोठा नग टेबलच घ्यावा असं आमचं मत आहे. पाट आणि स्टूल आधी करायला हरकत नाही, हात बसतो. पण पाट इतका लहान असतो की त्याला सगळं माफ होतं. टेबलात चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या, आठ सांधे आणि एक रुंद फळा असतो, आणि सुतारकामातलं जे काही महत्त्वाचं आहे ते जवळपास सगळं त्यात येऊन जातं. कपाट आणि ड्रॉवर नंतर.

खाली धरलेलं माप अभ्यासाच्या टेबलाचं आहे: फळा १२०० बाय ६०० मिमी, उंची ७५०. वखारीत सगळा व्यवहार इंच-फुटात चालतो आणि घरी बारीक काम मिमीमध्ये सोपं जातं. दोन्ही भाषा बोलाव्या लागतात, त्याला इलाज नाही. एकाच नगावर मोजताना मात्र एकच मोजपट्टी वापरायची. एका बाजूला टेप आणि दुसऱ्या बाजूला स्टीलची फूटपट्टी लावली की अर्धा-एक मिमीचा फरक हमखास निघतो.

लाकूड कुठलं घ्यायचं याचं सोपं उत्तर सागवान. कारण दिसण्याचं नाही, तो कमी हलतो हे आहे. वखारीत चांद्याचा म्हणजे सीपी (जुन्या मध्य प्रांतातला), दांडेलीचा, आणि परदेशातून आलेला असे प्रकार सांगितले जातात. परदेशी माल बहुधा लागवडीतल्या कोवळ्या झाडांचा असतो. त्यात सालीजवळचा फिकट भाग, ज्याला सफेदी म्हणतात, तो जास्त निघतो. सफेदीला भुंगा लागतो, बारीक भोकांतून पिठासारखा भुगा पडायला लागतो. टेबलाच्या पायात आणि पट्टीत सफेदी चालवून घेऊ नये. सागवानाचे दोन तोटेही माहीत असावेत. त्यात वाळूचा अंश असतो, त्यामुळे पटाशीची धार लवकर मरते. आणि तो तेलकट असतो, त्यामुळे डिंक धरत नाही. त्यावरचा उपाय पुढे येईल.

बाभूळ आपल्याकडे भरपूर आणि मजबुतीला प्रश्नच नाही, बैलगाडीचं लाकूड ते. पण नवशिक्याने त्यात सांधे करू नयेत. पटाशी उड्या मारते आणि भोक न पाडता स्क्रू घातला की फाटतं. आंबा स्वस्त आणि मऊ आहे, पण नीट वाळवून औषध लावलेला नसेल तर किडा आणि काळे डाग दोन्ही येतात. सराव करायचा असेल तर कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत मशिनच्या पेट्या फोडून निघणारं पाईन घ्यावं. परदेशातून आलेल्या पेटीवर शिक्का असतो. त्यात एचटी म्हणजे नुसतं उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एचटीचंच घरात आणायचं.

सगळ्यांत चांगलं लाकूड मात्र वखारीत नसतं. सांगली, मिरज, तासगाव, वाई, सातारा इथले जुने वाडे उतरवतात तेव्हा तुळया, खांब, चौकटी विकायला येतात. हा सागवान कित्येक दशकं छपराखाली वाळलेला असतो, त्याला जे हलायचं ते हलून झालेलं असतं. अर्थात पाऊस आला की तोही फुगतो, फक्त पीळ मारत नाही. घेताना टोक करवतीनं अर्धा इंच कापून आतला रंग बघावा आणि अंगठ्याच्या नखानं कोपरा दाबून बघावा. भिंतीत गाडलेलं टोक कुजकं असण्याची शक्यता जास्त. फाडायला देण्याआधी चारी बाजूंनी लोहचुंबक फिरवायचा. जुना खिळा करवतीच्या पात्यात गेला तर पात्याचे पैसे तर जातातच, तो वखारवाला पुढच्या वेळी जुनं लाकूड हातात धरत नाही.

हिशेब घनफुटाचा. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार भागिले १४४. पाय चार, २ बाय २ इंच, अडीच फूट लांब: ०.२८ घनफूट. फ्रेमच्या पट्ट्या १ बाय ४ इंच, साडेतीन फुटी दोन आणि दीड फुटी दोन, मिळून १० फूट: पुन्हा ०.२८. फळ्यासाठी १ बाय साडेचार इंची सहा फळ्या, सव्वाचार फूट लांब: ०.८०. बेरीज १.३६. गाठी, चिरा आणि टोकं धरून वर पाव हिस्सा घ्यायचा, म्हणजे १.७ घनफूट. लांब आणि रुंद नगाचा भाव चढा असतो, आखूड तुकड्यांचा कमी. टेबलाला सव्वाचार फुटापेक्षा लांब काहीच लागत नाही, तेव्हा आठ फुटी नग मागून पैसे घालवू नयेत. 'चौकटीचा उरलेला माल दाखवा' म्हटलं की वखारीत मागच्या बाजूला नेतात.

आणलेलं लाकूड लगेच कापायचं नाही. ज्या खोलीत टेबल राहणार त्याच खोलीत, भिंतीपासून जरा लांब, खाली तीन सारख्या जाडीच्या काठ्या ठेवून रचायचं. प्रत्येक थरात पाऊण इंची काठ्या, दीड-दोन फुटांवर, खालच्या काठीच्या बरोबर वर वरची काठी. काठ्या मागेपुढे झाल्या तर फळी तशीच वाकून वाळते. टोकांना ऑइल पेंट फासायचा. टोकातून ओल फार वेगानं जाते आणि चिरा तिथूनच सुरू होतात. ओल मोजायचं यंत्र नसलं तरी अडत नाही. त्याच मालाचा एक वीतभर तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला तोलायचा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. वखारीत 'सीझन केलेलं आहे' असं सांगितलं तरी काट्याचं ऐकावं.

हत्यारांची यादी लोक फार लांबवतात. ६, १२ आणि २५ मिमीच्या तीन पटाश्या, चौदा इंची लोखंडी रंधा, बारीक दातांची करवत, काटकोन बघायचा गुण्या, कडेला समांतर रेघ ओढायचं मार्किंग गेज, लाकडी मोगरी, ड्रिल मशिन, आणि चार-सहा पट्टी क्लॅम्प. एवढ्यात हे टेबल होतं. फाडणं आणि पहिला रंधा वखारीतल्या मशिनवर करून घ्यावा, त्यात कमीपणा नाही. एका गोष्टीला मात्र हात लावू नये: फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावून वापरायची जी पद्धत साइटवर सर्रास दिसते ती. त्या मशिनचा वेग लाकडाच्या एवढ्या लहान पात्यासाठी जास्त असतो, मागे फट उघडी ठेवणारी पट्टी नसते, आणि बहुतेकांनी गार्ड काढून टाकलेलं असतं. फळी मिटून पात्याला चावली की मशिन उलटं अंगावर येतं.

धार हा विषय मात्र टाळता येत नाही. नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला आकार असतो, धार नसते. आधी पाठ सपाट करायची. जाड काचेच्या तुकड्यावर २२० चा वॉटर पेपर चिकटवून पटाशीची पाठ, टोकाकडचा दीड-दोन इंचांचा भाग, पूर्ण टेकवून घासायची. सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत. मग ४००, ८००, १०००. पाठीचं काम आयुष्यात एकदाच, पण ते झाल्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं. त्यानंतर उतार: २५ अंशांचा मूळ उतार आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तेलाचे दोन थेंब टाकून पटाशी त्या कोनात धरायची, मनगट घट्ट आणि हालचाल खांद्यातून. मनगट हललं की उतार गोल होतो आणि गोल उताराची पटाशी लाकडात शिरण्याऐवजी वर चढते. पाठीवरून बोट हळूच बाहेरच्या दिशेनं फिरवलं की धारेच्या पूर्ण रुंदीवर खरखरीत लव लागली पाहिजे. लव जिथे नाही तिथे धार अजून पोचलेली नाही. मग पाठ सपाट टेकवून लव काढायची आणि चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर ओढायची. कागद कापून धार तपासतात, पण त्यापेक्षा पाईनच्या तुकड्याचं टोक, म्हणजे रेषांचा आडवा छेद, सोलून बघावा. चकचकीत कापलं गेलं तर धार आहे. पांढरट, भुसभुशीत फाटलं तर नाही. सागवानात काम करताना अर्ध्या तासानं निसण्याकडे परत जावं लागतं, याला आळस केला की जोर वाढतो आणि जोर वाढला की पटाशी निसटते. डावा हात कधीही धारेच्या पुढे नसावा.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, काम चाललेलं कधी बघायला मिळालं तर हाताकडे बघावं. तून लाकडाचा तो पातळ पापुद्रा उतरवताना जोर असा दिसतच नाही.

जुन्या पद्धतीचा सुतार जमिनीवर बसून पायानं लाकूड धरतो. ती सवय लहानपणापासूनची असते, तिशीत सुरू करणाऱ्याच्या गुडघ्यांना ती झेपत नाही. मनगटाच्या उंचीचं, हलणार नाही असं बाक लागतं. पेटीच्या पाईनचं करा, किंवा जुन्या पलंगाचं. त्याला भिंतीला टेकवा, खालच्या फळीवर विटा रचा. रंधा मारताना बाक सरकत असेल तर रंधा कधीच सरळ चालणार नाही, आणि दोष धारेला दिला जाईल.

प्रत्येक नगाचं काम एकाच क्रमानं: आधी एक तोंड सपाट, मग त्याला काटकोनात एक कड, मग या दोन्हींवरून गेज चालवून जाडी आणि रुंदी. तोंड सपाट झालं का हे नुसत्या पट्टीनं कळत नाही, पीळ पट्टीला दिसत नाही. दोन सरळ, सारख्या उंचीच्या काड्या नगाच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून डोळा खाली नेऊन एकीच्या वरून दुसरी बघायची. दोन्ही कडा समांतर दिसेपर्यंत उंच कोपरे उतरवत जायचं. रंधा मारताना पृष्ठभाग फाटत असेल तर नग फिरवून उलट्या दिशेनं मारायचा. तरीही फाटत असेल तर पातं कमी काढायचं आणि वरची लोखंडी टोपी धारेच्या मिमीभर जवळ आणायची. २ इंची पाय ४५ मिमीवर, पट्ट्या ९० बाय २० वर आणायच्या.

आता सांधा. पायात खाच आणि पट्टीच्या टोकाला तिच्यात बसणारी कूस. कुशीची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश: २० मिमीच्या पट्टीला ६, म्हणजे ६ च्या पटाशीनं खाच थेट होते. लांबी २५. ४५ च्या पायात दोन बाजूंनी दोन कुशी येतात, त्या ३० च्या केल्या तर आत एकमेकींना भिडतात. पट्टी पायाच्या बाहेरच्या तोंडापासून ३ मिमी आत ठेवायची, अगदी सपाट जुळवायला जाऊ नये. सपाट जुळवलेली पातळी पहिल्या पावसाळ्यात बिघडते आणि बोटाला लागते. आत ठेवलेली कधीच कळत नाही. कुशीची रुंदी ६५: पट्टीच्या वरच्या कडेपासून १५ आणि खालून १० मिमी सोडून. वरचे १५ सोडले नाहीत तर खाच पायाच्या टोकाला उघडी पडते.

फ्रेमचं बाहेरचं माप १०८० बाय ४८०. त्यातून दोन पायांचे ९० वजा केले की खांद्यापासून (कूस संपून पट्टीची पूर्ण जाडी सुरू होते ती कड) खांद्यापर्यंत लांब पट्टी ९९० आणि आखूड ३९०. दोन्ही टोकांच्या कुशी धरून कापायची लांबी १०४० आणि ४४०. पायाची तयार लांबी ७२८, वर २२ चा फळा, झाले ७५०. पाय कापताना वरच्या टोकाला २० मिमी जास्त ठेवायचे आणि खाचा झाल्यावरच छाटायचे. टोकाजवळ खाच ठोकताना पाय फाटतो तो इथेच.

चारी पाय एकत्र बांधून खुणा एकाच वेळी ओढायच्या आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर तो कुठल्या कोपऱ्याचा हे लिहायचं. खूण पेन्सिलीनं नाही, धारदार चाकूनं. पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड असते, चाकूच्या चिरेत पटाशी आपोआप बसते. खाच मधून सुरू करायची. ६ ची पटाशी उभी, काटकोनात, ३-४ मिमीच्या अंतरानं ठोकत कडेकडे जायचं, प्रत्येक दोन-तीन घावांनंतर ढलप्या उचकायच्या. दोन्ही टोकांना २ मिमी सोडून द्यायचे, कारण उचकताना पटाशीची पाठ तिथे टेकते आणि कड दबते. ते २ मिमी सगळ्यांत शेवटी. पटाशीवर २७ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली की खोली कळते. कूस २५ ची, खाली २ मिमी डिंकाला जागा. ड्रिलनं आधी भोकं पाडून घेतली तर काम हलकं होतं, पण ड्रिल तिरपं गेलं तर खाचही तिरपी होते. तेव्हा बाजूला गुण्या उभा ठेवूनच.

कूस कापताना करवत रेघेवर नाही, टाकाऊ बाजूला चालवायची, चिरेची एक कड शिल्लक दिसली पाहिजे. खांद्याचा काप आधी चाकूनं खोल करून घ्यावा. खांदा पायाला बाहेरून चिकटून बसला पाहिजे, कारण टेबल डुगडुगायचं थांबवण्यात कुशीइतकाच खांद्याचा वाटा आहे. बसवून बघताना माप असं: हातानं दाबल्यावर जावी, मोगरीची गरज पडू नये, आणि पाय उलटा धरला तर पट्टी खाली पडू नये. घट्ट आहे म्हणून ठोकली तर पाय फाटतो. सैल झाली तर कुशीच्या गालावर, म्हणजे रुंद बाजूवर, रंध्याचा जाडसर छिलपा फेविकॉलनं चिकटवून, वाळवून, पुन्हा सोलायची. सैल सांध्यात डिंक भरून भागत नाही, जाड थराला जोर नसतो. प्रत्येक कुशीवर आणि तिच्या खाचेवर एकच आकडा घालावा, डिंक लावल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

तो वेळ किती? मे महिन्यात दुपारी ३८-४० अंशात साध्या फेविकॉलला चार-पाच मिनिटांत कातडी धरते. म्हणून डिंकाचं काम सकाळी सातला. पावसाळ्यात उलट: वेळ भरपूर, पण क्लॅम्प पूर्ण रात्रभर ठेवायचे. सागवानाचा तेलकटपणा काढायला डिंक लावण्याच्या अगदी आधी दोन्ही तोंडांवरून अॅसिटोन किंवा एनसी थिनरचं फडकं फिरवायचं, उडालं की लगेच डिंक. आदल्या दिवशी पुसून ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं. सांगलीत तळमजल्यावर, पुराचं पाणी येईल अशा जागी राहत असाल तर पाण्याला टिकणारा मरीन प्रकारचाच डिंक घ्या, साधा पांढरा डिंक दोन दिवस पाण्यात राहिला तर सुटतो.

आधी आखूड बाजू, म्हणजे दोन पाय आणि एक पट्टी, अशा दोन चौकटी. त्या वाळल्यावर लांब पट्ट्यांनी त्यांना जोडायचं. आठही सांधे एकदम करू नयेत. क्लॅम्प आवळल्यावर गुण्यापेक्षा कर्ण मोजावा. पायांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०८० बाय ४८० च्या चौकटीला ११८२ मिमी यायला हवेत. दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर क्लॅम्प लांब कर्णाच्या दिशेनं किंचित तिरपा करायचा, चौकट काटकोनात येते. बाहेर आलेला डिंक ओला असताना पुसला तर रेषांत जातो आणि पॉलिशच्या वेळी डाग उठतो. रबरासारखा झाला की पटाशीनं सोलून काढायचा.

फळ्याच्या सहा फळ्या मांडताना वलयांची कमान एकदा वर एकदा खाली ठेवा असं बहुतेक जण सांगतात. आमच्या मते त्यापेक्षा सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेला चढणाऱ्या ठेवणं महत्त्वाचं. नाहीतर जोडल्यावर रंधा मारताना एक फळी गुळगुळीत आणि शेजारची फाटलेली, असं सहा वेळा होतं. कडा जुळवायची युक्ती अशी की शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा एकत्र धरून दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारायचा. रंधा एखाद अंश तिरपा गेला तरी उघडल्यावर दोन्ही चुका एकमेकींना खातात. उजेडासमोर धरून फट बघायची. मधे कागदाच्या जाडीची फट चालते, टोकाला अजिबात नाही. क्लॅम्प ९-१० इंचांवर, एक वरून, एक खालून. सगळे एकाच बाजूनं लावले तर फळा कमान घेतो. क्लॅम्प कमी असतील तर जाड लाकडावर दोन पट्ट्या ठोकून त्यांच्यात फळा ठेवावा आणि पाचरी मारून आवळावा. यानं क्लॅम्पइतकाच जोर मिळतो. वाळल्यावर रंधा आधी तिरपा, दोन्ही दिशांनी, मग रेषेच्या दिशेनं. २२ मिमीवर आला, १२०० बाय ६०० छाटला, की पॉलिश पेपर ८०, १२०, १८०. सागवानाच्या धुळीनं अनेकांना खाज आणि शिंका येतात, मास्क बांधूनच.

आता फळा आणि फ्रेम यांची गाठ. इथे लाकडाची छोटी बटणं वापरायची, जी स्क्रूनं फळ्याला खालून लागतात आणि जिभेनं पट्टीच्या खाचेत अडकतात: ३० मिमी रुंद, एका बाजूला १० मिमीची जीभ. पट्टीच्या आतल्या तोंडावर, वरच्या कडेपासून १२ मिमी खाली, ६ मिमी उंच आणि ११ मिमी खोल खाच. जीभ साडेपाच मिमी जाड. बटणाच्या वरच्या तोंडापासून जिभेपर्यंतचं अंतर १२ ऐवजी ११ ठेवलं की स्क्रू आवळल्यावर फळा खाली ओढला जातो. बटण कापताना रेषा जिभेच्या लांबीत असल्या पाहिजेत. आडव्या असतील तर जीभ पहिल्याच आवळण्यात तुटते. लांब पट्टीला तीन-तीन, आखूड पट्टीला बरोबर मधोमध एक-एक, मिळून आठ. मधल्या दोन बटणांनी फळ्याचा मध्य जागेवर राहतो आणि तो दोन्ही कडांना सारखा हलतो. आखूड पट्टीला दोन बटणं द्यायचीच असतील तर खाच बटणापेक्षा १० मिमी लांब असावी.

बटण पट्टीपासून किती लांब ठेवायचं हे महिन्यावर ठरतं. मे महिन्यात जोडत असाल तर फळा आकसलेला आहे, पुढे फुगणार. लांब पट्ट्यांवरच्या बटणाचा खांदा आणि पट्टी यांच्यात ४ मिमी फट ठेवा, फुगताना जीभ आत सरकेल. ऑगस्टमध्ये जोडत असाल तर फळा आधीच फुगलेला आहे, तेव्हा बटण पूर्ण आत ढकलून स्क्रू मारा, उन्हाळ्यात जीभ ३-४ मिमी बाहेर आली तरी ६-७ मिमी आत उरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोडताना दोन्हींच्या मधे. हाच हिशेब पुढे ड्रॉवरला लागतो: मे महिन्यात ड्रॉवर घट्ट बसवणारा माणूस जुलैमध्ये तो उघडू शकत नाही.

पॉलिशबद्दल थोडक्यात. फळ्याच्या वर जेवढे हात, खालीही तेवढेच. खालची बाजू कोरी राहिली तर ती ओल लवकर घेते आणि फळा वरच्या बाजूला खोलगट होतो. लाखदाण्याचं पॉलिश, लिटरभर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम, पातळ हात देत जायचं. दिसतं सुरेख, पण गरम कपाचा पांढरा गोल उठतो, आणि पावसाळी हवेत लावलं तर धुरकट होतं. अभ्यासाच्या टेबलाला डबल बॉइल्ड जवसाचं तेल बरं. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मं-निम्मं, पंधरा-वीस मिनिटांनी सगळं पुसून काढायचं, एक दिवस सोडून पुढचा. न पुसलेलं तेल चिकट राहतं ते राहतंच. कच्चं जवस तेल घेऊ नये, आठवडे वाळत नाही. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवा.

टेबलानंतर बहुतेकांच्या डोक्यात पलंग किंवा कपाट येतं, आणि तिथे प्लायचा प्रश्न येतो. प्लायवर भारतीय मानकाचा आयएस ३०३ हा क्रमांक आणि एमआर असेल तर ते नुसत्या दमट हवेपुरतं, आयएस ३०३ बीडब्ल्यूआर त्याहून बरं, आयएस ७१० म्हणजे मरीन. प्री-लॅम पार्टिकल बोर्ड दिसायला सुबक, स्वस्तही, पण पाणी प्यायलं की फुगतं आणि परत बसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यानंतर गावभागापासून पुढे रस्त्यांच्या कडेला जे ढीग लागले होते त्यात अशा बोर्डाची कपाटं किती होती ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. सागवानी कपाटं त्याच पाण्यातून निघून आजही वापरात आहेत.

पूररेषेच्या आत घर असेल तर पलंग सगळाच डिंकाने जोडू नये. डोक्याची आणि पायाची चौकट डिंकाची, पण बाजूच्या दोन लांब पट्ट्या ८ किंवा १० मिमीच्या बोल्टने, प्रत्येक सांध्याला एक बोल्ट आणि पट्टी फिरू नये म्हणून १५ मिमीची आखूड कूस, बिनडिंकाची. एका पान्यानं दोन माणसांत पंधरा-वीस मिनिटांत सुटतो आणि जिन्यावरून वर जातो. पाण्यात सापडलेलं भरीव लाकडाचं फर्निचर आधी गोड्या पाण्यानं धुवायचं, सांध्यातला गाळ जुन्या टूथब्रशनं काढायचा, ड्रॉवर आणि दारं जमतील तेवढी वेगळी करायची. मग उन्हात नाही, सावलीत, वारा खेळेल असं, खाली काठ्या ठेवून वाळवायचं. उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आत ओल तशीच असते, आणि फळी उभी चिरते. पूर्ण वाळल्याशिवाय फुगलेला ड्रॉवर रंध्यानं उतरवायचा नाही, नाहीतर मार्चमध्ये तो खडखडायला लागतो.